देवमंदिराच्या छायेंतील वाद्यशाळा

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणग्रंथांत देवमंदिराच्या इमारतीचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा आणि निरनिराळ्या संघांचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिला आहे. आमच्या वांट्यास जो विषय आला तो दिसावयास लहान आहे. विद्यार्थ्यांनीं एखादें वाद्य वाजवावयास शिकल्यापासून कोणते लाभ होतात, याविषयीं चार शब्द लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली. ज्युबिलीसारख्या गंभीर प्रसंगीं असल्या विषयास स्थान तें कोठलें, असें प्रथम आम्हांसही वाटलें. परंतु याच सुमारास महोत्सवाच्या तयारीसाठीं साक्रिस्तीचें जुनें कपाट रिकामें करतांना तळाशीं एक व्हायोलिन सांपडलें. चारपैकीं तीन तारा तुटलेल्या, गजाचे केस झडलेले, पेटीचें अस्तर कसरीनें खाल्लेलें. तें कोण वाजवीत असे, हें आमच्यांतील वृद्धांस चांगलें आठवतें. तें आतां वाजवूं शकेल असें एकही मूल आपल्या धर्मग्रामांत नाहीं, हेंही आम्हां सर्वांस ठाऊक आहे. त्या पेटीकडे पाहत असतां, विषय लहान नाहीं अशी आमची खात्री झाली. आणि म्हणून वाचकांपुढें हा अल्पसा ऐतिहासिक निबंध ठेवीत आहों.

प्रथमतः एक गैरसमज दूर केला पाहिजे. अलीकडे पालक मुलांस वाद्य शिकावयास पाठवितात, तें पुष्कळदां गणितांत गुण वाढावे या आशेनें. या आशेचें मूळ बरेंचसें १९९३ सालच्या एका प्रयोगांत आहे. अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस मोझार्ट या संगीतकाराची एक रचना दहा मिनिटें ऐकविली. त्यानंतर आकृतींविषयींच्या कोड्यांत त्यांस किंचित अधिक यश आलें, असें त्यांनीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. तो परिणाम पाव तासाहून अधिक टिकला नाहीं. शिवाय ते विद्यार्थी केवळ ऐकत होते, वाजवीत नव्हते. तरीही संगीतानें मूल बुद्धिमान होतें असा डांगोरा जगभर पिटला गेला. पुढें मुलांच्या संगीतशिक्षणावर जे प्रयोग झाले त्यांचा एकत्र विचार करून २०२० सालीं दोन संशोधकांनीं असें दाखविलें कीं, प्रयोगाची रचना जितकी निर्दोष, तितका इतर विषयांतील लाभ शून्याच्या जवळ येतो. तेव्हां गणित सुधारावयाचें असेल तर गणितच केलें पाहिजे.

मग वाद्याचा लाभ कोणता? त्याचें उत्तर आमच्या मतें इतिहासांत शोधावें हें बरें. मुलांस संगीत शिकविण्याचें काम ख्रिस्तसभेनें शतकानुशतकें केलें आहे, आणि तें करतांना गुणपत्रिकेचा विचार तिच्या मनांत नव्हता. देवाच्या सेवेंत मुलानें आपला आवाज आणि आपला हात अर्पण करावा, एवढाच तिचा हेतु होता. त्या हेतूच्या पोटीं इतर किती फळें आलीं, तें पाहूं.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींत गीदो नांवाचा एक बेनेडिक्टाइन मठवासी होऊन गेला. आरेत्सो नगरीच्या देवमंदिरांत गायकांस शिकविण्याचें काम त्याजकडे होतें. त्या काळीं प्रत्येक स्तोत्र गुरूच्या मुखांतून ऐकून पाठ करावें लागे. गुरु नसला कीं शिष्य मुका. दहा दहा वर्षें घालवूनही गायकांची तयारी अपुरीच राहते, याची गीदोस खंत होती. त्यानें स्वर आडव्या रेषांवर मांडण्याची पद्धत सुधारली. संत योहान बाप्तिस्ताच्या एका लॅटिन स्तोत्रांत प्रत्येक चरण मागच्या चरणाहून एक स्वर वर सुरू होत असे. त्या सहा चरणांचे आरंभींचे उच्चार घेऊन त्यानें स्वरांस नांवें दिलीं: उत्, रे, मी, फा, सोल, ला. पुढें ‘उत्’च्या जागीं ‘दो’ आलें आणि ‘सी’ हा सातवा स्वर जोडला गेला. या रीतीनें गायक एका वर्षांत, फार तर दोन वर्षांत तयार होतो, असें गीदोनें आपल्या एका मठवासी मित्रास कळविलें आहे.

यांतील मर्म वाचकांनीं लक्षांत घ्यावें. ज्यास स्वर वाचतां येतात तो विद्यार्थी गुरूच्या स्मरणशक्तीचा बंदा राहत नाहीं. कधीं न पाहिलेल्या माणसानें, कधीं न पाहिलेल्या देशांत लिहिलेलें गीत तो कागदावरून वाचून गातो. मुलास अक्षरओळख झाल्यावर जें जग उघडतें, तसेंच हें दुसरें जग होय. संगीतशिक्षणाचा पहिला लाभ हा कीं, तें विद्यार्थ्यास स्वतःच्या पायांवर उभें करतें.

दुसरा लाभ पाहावयाचा तर व्हेनिस नगरांत गेलें पाहिजे. तेथें १३४६ सालापासून ‘पिएता’ नांवाचें एक अनाथालय होतें. जन्मतांच टाकून दिलेलीं अर्भकें तेथें घेतलीं जात. मुलगे मोठे झाल्यावर एखादा धंदा शिकून बाहेर पडत. मुलींपैकीं ज्यांस गळ्याची किंवा हाताची देणगी असे, त्यांस संगीत शिकविलें जाई. १७०३ सालीं तेथें व्हायोलिनचा शिक्षक म्हणून आन्तोनियो व्हिवाल्दी याची नेमणूक झाली. त्याच वर्षीं त्यास गुरुदीक्षा मिळाली होती, आणि केसांच्या रंगावरून लोक त्यास ‘तांबडा पाद्री’ म्हणत. या मुली जाळीआड बसून वाजवीत; श्रोत्यांस त्यांचे चेहरे दिसत नसत, तरी त्यांचें वादन ऐकावयास यूरोपभरचे प्रवासी येत. १७१६ सालीं व्हिवाल्दीनें युदिताच्या पवित्र कथेवर रचलेलें संगीत या मुलींनीं सादर केलें. त्यांतील सेनापतीसुद्धां मुलीच झाल्या होत्या. मोठ्या मुली लहान मुलींस शिकवीत, आणि अशा रीतीनें विद्या संस्थेंतच फिरत राही.

या मुलींस आडनांव नसे. त्यांतील एकीचें नांव आन्ना मारिया. तिच्या हातीं व्हायोलिन अशी शोभे कीं, लोक तिला ‘व्हायोलिनवाली आन्ना मारिया’ म्हणूं लागले, आणि इतिहासांत ती त्याच नांवानें राहिली. जिला आईबापांनीं नांव दिलें नाहीं, तिला वाद्यानें दिलें. गरीब घरच्या मुलास वाद्याचा लाभ काय, असें विचारणाऱ्यांनीं या एका उदाहरणाचा विचार करावा.

आतां आपल्या देशाकडे वळूं. ६ मे १५४२ रोजीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांस गोळा करीत, आणि धर्मपाठ गाण्याच्या चालीवर त्यांजकडून म्हणवून घेत. हिंदुस्थानांतील ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणांत गाण्यास आरंभापासून मानाचें स्थान मिळालें तें असें. पुढें गोव्यांत देवमंदिरांशेजारीं शाळा निघाल्या. पोर्तुगीज भाषेंत त्यांस ‘एस्कोला पारोकियाल’ म्हणत. त्यांत धर्मपाठ, वाचन, लेखन आणि संगीत हे विषय एकत्र शिकविले जात. याच भूमींत १५७९ सालीं आलेले येशूसंघीय इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपल्या मराठी भाषेंत सुमारें ११,००० ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें आणि देवमंदिरांतून लोकांपुढें गाऊन वाचलें जात असे. म्हणजे एका बाजूस लॅटिन स्तोत्रें आणि दुसऱ्या बाजूस मराठी ओवी, अशीं दोन्ही गोव्याच्या ख्रिस्तजनांच्या कानीं पडत.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्युबिलीच्या आनंदांत ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. धर्मसमीक्षण न्यायालयानें, ज्यास इन्क्विझिशन म्हणत, १७३६ सालीं काढलेल्या हुकुमानें गोव्यांतील ख्रिस्ती लग्नघरांतील ओव्या आणि इतर देशी रीती यांस मनाई केली. एका हातानें व्हायोलिन देणाऱ्यांनीं दुसऱ्या हातानें आजीच्या तोंडची ओवी काढून घेतली. परंतु लोकांनीं आपलें गाणें सर्वस्वीं सोडलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत गोव्यांत जो ‘मांडो’ हा गीतप्रकार बहरास आला, त्यांत व्हायोलिनच्या जोडीस घुमट बसलें. घुमट म्हणजे मातीच्या घटाच्या तोंडावर पूर्वीं घोरपडीचें कातडें ताणून केलेलें देशी वाद्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपडीच्या जागीं बकऱ्याचें कातडें आलें. परदेशांतून आलेली तार आणि कुंभाराच्या चाकावरची माती यांचा असा मेळ मुलांच्या कानांनीं घडविला. कोणत्याही हुकुमानें नव्हे.

गोव्याच्या या शाळांतील शिक्षणाची रीत जाणण्यासारखी आहे. शिक्षकास ‘मेस्त्रे’ म्हणत. देवमंदिराच्या गायकवृंदाचा तोच प्रमुख. त्याच्या वेतनाचा भार देवमंदिर आणि गांवच्या संस्था उचलीत, त्यामुळें शेतमजुराचें मूलही जमीनदाराच्या मुलाशेजारीं बसून शिके. मेस्त्रे प्रथम वाद्यास हात लावूं देत नसे. हातानें ताल धरून स्वरांचीं नांवें अचूक म्हणावयाचीं, हा पहिला धडा. त्यास ‘सोल्फा’ म्हणत. पुष्कळ दिवस असे गेल्यावर मग व्हायोलिन हातीं येई. गोव्यांत तिला ‘रेबेक’ हें जुनें नांव होतें.

व्हायोलिन शिकणें कठीण कां, हें ज्यानें ती हातीं धरली नाहीं त्यास सांगितलें पाहिजे. सतारीस पडदे असतात, हार्मोनियमला पट्ट्या असतात; तेथें बोट ठेवलें कीं स्वर आपोआप येतो. व्हायोलिनच्या मानेवर कांहींच खूण नसते. बोट केसभर सरकलें तरी स्वर बिघडतो, आणि तो बिघडला हें सांगावयास दुसरें कोणी नसतें. आपल्याच कानानें ओळखून आपल्याच बोटानें सुधारावें लागतें. शाळेच्या इतर विषयांत विद्यार्थ्याची चूक गुरुजी तांबड्या शाईनें दाखवितात, आणि तीही दोन दिवसांनीं. वाद्यांत चूक त्याच क्षणीं ऐकूं येते. स्वतःची चूक स्वतः ऐकणें, तिच्यामुळें खचून न जाणें, आणि तीच ओळ पुनः पहिल्यापासून वाजविणें, ही संवय ज्या मुलास दहाव्या वर्षीं लागली, तें मूल पुढें कोणत्याही व्यवसायांत गेलें तरी तिची किंमत त्यास कळते. तिला गुणपत्रिकेंत रकाना नाहीं, एवढेंच.

वृंदांत वाजवूं लागल्यावर आणखी एक धडा मिळतो. लिहिलेल्या संगीतांत स्वरांप्रमाणेंच विरामांचींही चिन्हें असतात. आपला विराम चालू असतांना दुसऱ्याचें वादन लक्षपूर्वक ऐकावयाचें, मनांत मात्रा मोजावयाच्या, आणि आपली पाळी येतांच न अडखळतां प्रवेश करावयाचा. गप्प राहणें हाही वादनाचाच भाग आहे, हें वृंदांतील मुलास जितकें लवकर कळतें तितकें सभेंत बसणाऱ्या मोठ्या माणसांसही कळत नाहीं. उपवासकाळांत गोव्याच्या देवमंदिरांतून व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मोठ्या आवाजाचें डबल बेस यांच्या साथीवर जीं दुःखसहनाचीं गीतें, ज्यांस ‘मोतेत’ म्हणतात, तीं ज्यांनीं ऐकलीं आहेत त्यांस आमच्या म्हणण्याचा अर्थ सांगावयास नको. घरोघरच्या आणि क्रुसाजवळच्या लादाइनींतही अशीच साथ असे. मूल जें शिके तें त्याच आठवड्यांत गांवाच्या उपयोगी पडे. शिकलेली विद्या कोणास तरी हवी आहे, असें दिसल्याखेरीज मुलाचें मन शिक्षणांत रमत नाहीं.

या विद्येनें पुढें पोटही भरलें. गोव्यांत रोजगार थोडा. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून तेथील तरुण मुंबईची वाट धरूं लागले. धोबीतलाव, माझगांव या भागांत गांवोगांवच्या लोकांनीं चालविलेल्या ‘कुडी’, म्हणजे समाईक बिऱ्हाडें होतीं. तेथें खाटेखालीं पेटी आणि पेटीशेजारीं व्हायोलिन किंवा ट्रंपेट ठेवून हे तरुण राहत. मूकपटांच्या काळीं चित्रगृहांत पडद्यापुढें बसून वाजविण्याचें काम त्यांस मिळे. १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट मुंबईंत प्रदर्शित झाला, चित्रपट स्वतःच बोलूं-गाऊं लागला, आणि चित्रगृहांतील तें काम संपुष्टांत आलें. परंतु थोड्याच वर्षांत चित्रपटांच्या गाण्यांसाठीं मोठे वाद्यवृंद हवेसे झाले, आणि तेच वादक ध्वनिमुद्रणशाळेंत आले.

त्यांची तेथें इतकी गरज कां भासली, याचें कारण पाहण्यासारखें आहे. आपल्या देशांतील संगीत दिग्दर्शक रागदारींत निपुण होते, पण आपली विद्या मुखोद्गत. चाळीस-पन्नास वादकांस एकाच दिवशीं एकत्र बसवून गाणें तयार करावयाचें, तर प्रत्येकाचा भाग कागदावर लिहिणारा आणि तो पाहतांक्षणीं वाजविणारा माणूस पाहिजे. तें कसब गोव्याच्या देवमंदिराच्या शाळेंत दहाव्या वर्षींच अंगीं मुरलें होतें. आरेत्सोच्या मठवाशानें मुलांच्या सोयीसाठीं काढलेली युक्ति सुमारें नऊशें वर्षांनीं मुंबईंत कित्येक कुटुंबांची चूल पेटवूं लागली. ती शिकवितांना मेस्त्रेच्या मनांत बोलपट नव्हता. त्याच्या मनांत रविवारची मिस्सा होती.

कांहीं नांवें येथें दिलींच पाहिजेत. हळदोणें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले आन्तोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नांवानें प्रसिद्ध झाले. पुणतांब्याकडचे आपले मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटांतील संगीतांत त्यांच्या ट्रंपेटचा आणि वाद्यवृंदाचा मोठा वांटा आहे. सेबॅस्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचें वाद्यलेखन वर्षानुवर्षें केलें. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्वीस यांचे वडील देवमंदिराच्या गायकवृंदाचे प्रमुख. वडिलांपाशींच धडे घेऊन हा मुलगा १९४३ सालीं, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईंत आला आणि व्हायोलिनवादक म्हणून नौशाद यांच्या वृंदांत बसला. पुढें प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांनीं त्यांच्या हाताखालीं धडे घेतले. १९५८ सालीं त्यांनीं देशी राग आणि पाश्चात्य वृंद यांचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत त्याचें वादन केलें. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांत एक पात्र आपलें नांव अँथनी गोन्साल्वीस म्हणून गाण्यांत सांगतें. तें नांव शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूच्या आदरार्थ घातलें. साऱ्या देशानें तें गाणें म्हटलें, पण तो खरा माणूस कोण, हें फार थोड्यांनीं विचारलें. २०१२ सालीं ते गोव्यांत निवर्तले.

येथें मनास एक गोष्ट खटकल्याखेरीज राहत नाहीं. व्हेनिसच्या अनाथ मुलीस वाद्यानें नांव दिलें. मुंबईच्या वादकांचें नांव बहुधा चित्रपटाच्या नामावलींतही आलें नाहीं. दिवसाची मजुरी घेऊन ते घरीं गेले, आणि त्यांच्या बोटांतून उमटलेले स्वर घरोघरच्या रेडिओवर दुसऱ्यांच्या नांवानें वाजत राहिले. पुढें १९९० नंतरच्या वर्षांत विजेच्या यंत्रांनीं पन्नास वादकांचें काम एकट्यानें करण्याची सोय झाली, आणि ते मोठे वृंदही ओस पडले. तिकडे गांवच्या जुन्या शाळाही मागें पडत गेल्या. मुलें सरकारी आणि इंग्रजी शाळांत जाऊं लागलीं; तेथें सर्व विषय होते, परंतु मेस्त्रे नव्हता. जी विद्या शंभर घरांत होती ती दहा घरांत राहिली, आणि मग एखाद्या कपाटाच्या तळाशीं. आमच्या साक्रिस्तींतील पेटीची कथा याहून निराळी नाहीं.

शिक्षक गेला म्हणजे विद्या संपलीच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. याचें एक हृद्य उदाहरण दक्षिण अमेरिकेंत, आजच्या बोलिव्हिया देशांतील चिकितोस प्रदेशांत आहे. तेथें अठराव्या शतकांत मार्टिन श्मिड या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनीं रानांतील लोकांच्या वस्त्यांत देवमंदिरें बांधलीं, व्हायोलिनी आणि ऑर्गन करावयास शिकविलें, आणि मुलांचे वृंद उभे केले. १७६७ सालीं स्पेनच्या राजानें येशूसंघीयांस आपल्या मुलुखांतून हद्दपार केलें. शिक्षक गेले, परत आले नाहींत. तरी गांवकऱ्यांनीं संगीताच्या वह्या टाकल्या नाहींत. जुन्या फाटल्या कीं नव्या नकला काढल्या, आणि सणावारीं त्यांतून वाजवीत राहिले. १९७२ सालीं हान्स रोथ हे वास्तुविद् त्या देवमंदिरांचा जीर्णोद्धार करावयास आले, तेव्हां त्यांच्या हातीं अशा संगीताचीं ५,००० हून अधिक पानें लागलीं. आतां त्याच संगीताचा उत्सव तेथें १९९६ सालापासून भरतो, आणि त्या गांवांचीं मुलें पुनः व्हायोलिन शिकतात. दोनशें वर्षें कोणीतरी पेटी उघडी ठेवली, म्हणून हें घडलें.

हें कार्य केवळ हौसेचें नव्हे, ख्रिस्तसभेच्या आज्ञेंतलें आहे. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशीं काढलेल्या पत्रांत जुन्या गायनशाळांचें पुनरुज्जीवन करावें असें सांगितलें, आणि लहान खेडेगांवच्या देवमंदिरांतही उत्साही धर्मगुरूस मुलांस व मोठ्यांस एकत्र करून हें साधतां येईल असें स्पष्ट म्हटलें. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा जो निर्णय प्रसिद्ध केला, त्यांत निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा आणि उपासनेस शोभणारीं इतर वाद्यें स्वीकारावीं असें सांगितलें. त्यामुळें आपली मिस्सा मराठींत आली आणि वेदीजवळ तबला व पेटी बसली. ज्या ओवीस एकदां लग्नघरांतून हांकललें, तिच्यासाठीं देवमंदिराचें दार उघडलें.

तेव्हां आपल्या मुलांस देशी कीं विलायती, असा वाद घालण्याचें कारण नाहीं. १९२२ सालीं जन्मलेले पंडित विष्णु गोविंद जोग यांनीं याच विलायती व्हायोलिनवर हिंदुस्थानी राग जन्मभर वाजविले. दक्षिणेंत तर हें वाद्य एकोणिसाव्या शतकापासून कर्नाटक संगीताच्या घरचेंच होऊन बसलें आहे. वाद्यास जात नाहीं, देशही नाहीं. त्यास फक्त शिकणारें मूल हवें.

आतां जें सांगावयाचें त्याकडे येतों. ज्युबिलीसाठीं आपण वर्गणी जमविली आहे. रोषणाई होईल, मांडव पडेल, ध्वनिक्षेपक लागतील, आणि तें सर्व यथायोग्यच आहे; पण मांडव चौथ्या दिवशीं उतरेल. आमची नम्र सूचना अशी कीं, या वर्गणीचा अल्पसा भाग काढून ठेवावा आणि त्या व्हायोलिनला नव्या तारा व गजाला नवे केस घालून घ्यावे. आठवड्यांतून दोन सायंकाळीं धर्मपाठाच्या खोलींत मुलांस सोल्फा आणि सरगम शिकविणारा एक शिक्षक नेमावा. कोणत्याही मुलाकडून फी घेऊं नये, कारण जुन्या शाळांचें खरें बळ तेंच होतें. मुलगे आणि मुली एकत्र शिकाव्या. जीं मुलें पुढें जातील त्यांनीं पिएताच्या मुलींप्रमाणें मागच्यांस शिकवावें, म्हणजे शिक्षक आजारी पडला किंवा बदलून गेला तरी शाळा बंद पडणार नाहीं. आणि जें शिकतील तें रविवारच्या मिस्सेंत, चुकतमाकत कां होईना, त्यांस वाजवूं द्यावें. गीदोनें दोन वर्षांची मुदत सांगितली आहे. आम्हीही तेवढीच मागतों.

पालकांस एक विनंती. मूल घरीं सराव करूं लागलें म्हणजे प्रथम कांहीं महिने कानांस सुख होणार नाहीं. शेजारी कुरकुरतील, परीक्षा जवळ आली असें वाटेल, आणि पेटी माळ्यावर ठेवावी असा मोह होईल. त्या वेळीं धीर धरावा. याचा गणितास उपयोग काय, असें कोणी विचारल्यास, नाहीं, असें सरळ सांगावें. आपलें मूल आपली चूक आपण ऐकावयास शिकत आहे, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत गप्प राहावयास शिकत आहे, आणि आपल्या हातचें कांहीतरी देवापुढें ठेवावयास शिकत आहे, एवढें उत्तर पुरे.

तें व्हायोलिन ज्यांनीं वाजविलें ते आज आपल्या देवमंदिराशेजारच्या स्मशानभूमींत विसांवले आहेत. पुढील ज्युबिलीच्या दिवशीं कोणी तें कपाट उघडील तर त्यास तें रिकामें मिळो, आणि व्हायोलिन गायकवृंदाच्या ओट्यावर एखाद्या मुलाच्या खांद्यावर असो, अशी संत सिसिलियेच्या मध्यस्थीनें परमेश्वरचरणीं प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.